ज्योतीरामचा कान

ज्योतीरामनं डोळे मिटूनच हात वर केला, तशी शौकतनं तबकडीवरची सुई उचलली.

“आता दुसरा लाव,” ज्योतीराम म्हणाला.

चिंचवड स्टेशनाजवळच्या शौकतच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात टेबलावर दोन जुने प्रीॲम्प्लिफायर शेजारी शेजारी मांडले होते. दिव्यांसारखे पेटणाऱ्या काचेच्या व्हॉल्व्हचे, पत्र्याच्या डब्यातले. तबकडीचा बारीक आवाज उचलून मोठ्या ॲम्प्लिफायरच्या हवाली करायचा, एवढंच त्यांचं काम. पण तेच बिघडलं तर पुढचं सगळं फुकट. ज्योतीरामबरोबर कंपनीत काम करणाऱ्या इनायतच्या घरी बाकी सामान जमलं होतं, हा डबा तेवढा राहिला होता. इनायत ज्योतीरामच्या मागं रविवारचा धुतलेला शर्ट घालून उभा होता. त्याच्या आईचे, रहमतबीचे, डोळे गेले होते. नवऱ्यामागं राहिलेल्या तबकड्या ऐकणं, याखेरीज म्हातारीला दुसरं सुख नव्हतं. आवाजात जराशी घरघर आली की ती भिंतीकडं तोंड फिरवून बसे. तेव्हा डबा निवडायचा तो कान असलेल्या माणसानंच.

आणि कान म्हटलं की कामगारांच्या त्या चाळींत एकच नाव. भजनी मंडळाची पेटी असो की तबला, ज्योतीरामनं मान हलवल्याशिवाय सौदा होत नसे. त्या मानेचं गुपित मात्र एकट्या ज्योतीरामला ठाऊक होतं. हल्ली तो पेटीवाल्या दत्तोबाची बोटं आणि चेहरा बघून मान हलवत असे. कंपनीतल्या लोखंड ठोकणाऱ्या अजस्र हॅमरनं आधी वरचे सूर खाल्ले, मग माणसांचे शब्द खायला सुरुवात केली. घरी तो रेडिओला शिव्या घाली, बायकोला ‘तोंडातल्या तोंडात बोलू नको’ म्हणे. एवढा सगळा खटाटोप चालेल, पण कान गेला म्हणायचं नाही.

सुई पुन्हा टेकली. गोधडीआडून यावं तसं गाणं आलं, अगदी मघासारखंच. ज्योतीरामनं जाणकाराला शोभेल इतका वेळ जाऊ दिला.

“हां! ह्यो खरा. वरचा सूर बघ, कसा मोकळा सुटला. पहिल्यात पार कोंडला होता.”

त्यानं डोळे उघडले. इनायत कौतुकानं त्याच्याकडंच बघत होता. शौकत वायर काढायला नुकता कुठं वाकला होता. सुई तेवढी त्यानं सवयीनं आधीच गाण्याच्या सुरुवातीला नेऊन ठेवली होती. वायर पहिल्याच डब्याला होती. पहिल्याचे व्हॉल्व्ह तांबूस पेटलेले होते आणि दुसऱ्याचे काळे, कारण त्याचं बटणही अजून कुणी दाबलं नव्हतं.

शौकतची आणि त्याची नजर एकदा भिडली. शौकतनं ती लगेच खाली घेतली आणि फडक्यानं टेबल पुसायला लागला. तो हसला असता तरी चाललं असतं. भर बाजारात कुणी धोतर फेडावं तसं ज्योतीरामला झालं.

“इनायतभाई, अजून एकदा ऐकून घ्या,” शौकत म्हणाला. “दुसऱ्याला थोडी घरघर आहे.”

“घरघर असली तरी मला कुठं कळणार?” इनायत म्हणाला. “माझे कान त्या हॅमरनं कधीच नेले. अम्मी हाक मारती, मी ढिम्म. आमच्या लाइनीवर समद्यांचंच झालं.” चप्पल तुटल्याचं सांगावं तसं त्यानं हसत सांगून टाकलं. “भाऊंचे तेवढे वाचले, म्हणून तर त्यांना आणलं. त्यांनी सांगितलाय तोच बांध.”

ज्योतीरामनं इनायतकडं पाहिलं. एकाच हॅमरच्या अलीकडं-पलीकडं दोघांची उमेदीची वर्षं गेली होती. जे याला दुकानदारासमोर इतकं सहज बोलता आलं, ते आपण बायकोलाही सांगू शकलो नाही.

शौकतनं नाइलाजानं वर्तमानपत्र ओढलं आणि काळा डबा त्यावर ठेवला. हा डबा घरी जाईल. म्हातारी तोंड फिरवेल. मग इनायत म्हणेल, अम्मी, ज्योतीरामभाऊंनी निवडलाय. आणि ती आंधळी बाई आपल्याच कानांवर संशय घेईल.

“थांब!” ज्योतीरामचा आवाज चिरकला. “बांधू नको. इनायत, अम्मीलाच हितं आणू. रिक्षानं. त्या ऐकतील अन् त्याच ठरवतील.”

“अम्मीला? आन् तुमी?”

“मी... मी त्यांना हाताला धरून आणतो.”

इनायतचं हसू ओसरलं. ज्योतीरामची नजर जिथं खिळली होती, तिकडं त्यानंही पाहिलं. पेटलेला डबा, त्यातच असलेली वायर, वर्तमानपत्रावरचा काळा डबा. गाणं अजून चालूच होतं. ज्योतीराम आपल्या चपलांकडं बघत उभा राहिला. आता हा हसेल, उद्या सगळी शिफ्ट हसेल.

इनायत जवळ आला. त्यानं ज्योतीरामच्या खांद्यावर हात ठेवला आणि हॅमरपाशी सगळे बोलायचे तसं, तोंड अगदी त्याच्या कानाला लावून ओरडला,

“च्या घेऊ, भाऊ! मग जाऊ अम्मीला आणायला!”

रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. कितीतरी दिवसांनी ज्योतीरामला शब्द न् शब्द नीट ऐकू आला. त्यानं मान हलवली, पण वर केली नाही.