एका माणसापुरती बोट

माझा स्वभाव संशयी आहे हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी ते शोधून काढल्याचा आव आणायला नको. औषधांच्या कारखान्यात तपासणी विभागात मी चोवीस वर्षं काढली. तिथे प्रत्येक बाटली आधी सदोष धरायची आणि मग तिने आपण निर्दोष आहोत हे सिद्ध करायचं. नवऱ्याला वेगळा नियम का लावायचा, हे मला कधी कळलं नाही.

नवरा तंत्रशाळेत सुतारकाम शिकवायचा. सगळं गाव त्याला मास्तर म्हणायचं, मग मीही म्हणू लागले. सहा वर्षांपूर्वी आम्ही घर विकून ही शिडाची बोट घेतली आणि तेव्हापासून या गरम पाण्याच्या बेटांमधून फिरतोय. नातेवाइकांना वाटतं, वेड मास्तरांचं आणि ही बिचारी मागून फरफटत गेली. खरं तर बोटीची जाहिरात मी कापून आणली होती. पण बिचारी म्हणवून घेण्यात काही तोटा नसतो, म्हणून मी गप्प राहिले.

फोटोत लोकांना निळं पाणी दिसतं. तुंबलेला संडास दिसत नाही, खारट होऊन कडक झालेले टॉवेल दिसत नाहीत, आणि दोन माणसं एका खाटेएवढ्या स्वयंपाकघरात एकमेकांच्या कोपरांना चुकवत कशी जगतात तेही दिसत नाही. एका बेटावर आम्ही चार दिवस राहायचो, फार तर पाच. पाणी भरलं, भाजी घेतली, कपडे वाळले की नांगर वर.

आणि नांगर उचलायला दोघं लागायची. आमच्या संसाराचं सगळं इंगित तिथे होतं. मास्तर पुढच्या टोकाला उभा राहून नांगराचं बटण दाबणार, मी मागे सुकाणू धरणार. मग तो डोलकाठीपाशी जाऊन दोर ओढून शीड चढवणार आणि तेवढा वेळ मी बोटीचं तोंड वाऱ्यात ठेवणार. आदल्या दिवशी कितीही भांडण झालेलं असो, अबोला असो, सकाळी निघायचं असेल तर बोलावंच लागायचं. "सोड", "धर", "थांब", "अगं थांब म्हटलं ना" एवढ्यावर आमचे कितीतरी रुसवे निघालेत.

म्हणून त्याने पहिला दोर हलवला तेव्हाच माझे कान टवकारले.

शीड चढवायचा दोर डोलकाठीपाशी होता, तो त्याने दोन कप्प्यांच्या चाकांवरून फिरवून मागे सुकाणूपर्यंत आणला. "हे कशाला?" मी विचारलं.

"वय झालं आता. पावसात पुढे जायला नको."

पटण्यासारखं होतं. पुढच्या बेटावर त्याने नांगराच्या बटणाची वायर मागे ओढली. त्याच्या पुढच्या बेटावर बोटीच्या पाठीला वाऱ्यावर चालणारं एक पातं बसवलं. ते लावून दिलं की सुकाणू कुणी धरावंच लागत नाही, बोट आपली आपण दिशा राखते. तीन बेटांत माझं धरायचं काम संपलं. मी चहा करायची आणि बघत बसायची.

मग हे बेट आलं. इथे आम्ही चार नाही, अठरा दिवस नांगर टाकून होतो. मास्तर रोज सकाळी रबरी होडीतून धक्क्यावर जायचा आणि दुपारी परत यायचा. पहिल्या दिवशी म्हणाला स्क्रू आणतो, दुसऱ्या दिवशी म्हणाला रंग बघतो. तिसऱ्या दिवसापासून काही म्हणेनाच. आणि येताना हात धुऊन यायचा. साबणाने! ज्या माणसाला जेवणापूर्वी हात धुवायला बत्तीस वर्षं सांगावं लागलं, तो बेटावरून साबणाचा वास घेऊन येतो, याचा अर्थ मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मी ताईला फोन केला. माझी मोठी बहीण. संशयाच्या बाबतीत मी तिच्यापुढे लिंबूटिंबू.

"बोलतो का?" ताईने विचारलं.

"विचारलं तर बोलतो. आपणहून नाही."

"चिडतो?"

"अजिबात नाही. उलट काल म्हणाला, तू बस, भांडी मी घासतो."

"मग कुठेतरी पाणी मुरतंय बघ."

"ताई, बोटीवर असं बोलू नये गं."

"तू विषय बदलू नकोस. पुरुषमाणूस विनाकारण भांडी घासत नसतो."

आमच्या शेजारी एका दाढीवाल्याची बोट होती. तो एकटाच फिरायचा. बोट इतकी घाणेरडी की पाहुण्याने चहासुद्धा पिऊ नये. एके दुपारी तो साखर मागायला आला, आमच्या सुकाणूपाशी उभा राहून इकडचा तिकडचा दोर ओढून बघितला आणि खूश होऊन म्हणाला, "वा, वहिनी! झक्कास काम केलंय. आता ही एका माणसाची बोट झाली."

मी त्याला साखर दिली आणि डबा जागेवर ठेवायला पाच मिनिटं लावली. एका माणसाची. म्हणजे दुसऱ्याची गरज नाही. दुसरं कोण, ते मला कळत होतं.

त्या रात्री झोप लागली, नाही असं नाही; मी संशयी असले तरी झोपेच्या बाबतीत प्रामाणिक आहे. पण सकाळी डेकवर आले तर मास्तरने माझी जुनी सुटकेस उघडी करून उन्हात ठेवली होती.

"बुरशी आली होती," तो म्हणाला. "पुसून ठेवली."

"कशाला? मी कुठे चालले आहे?"

"अगं, पुसली फक्त." आणि माझ्याकडे न बघता तो होडीत उतरला.

आता सांगा. बोट एका माणसापुरती झालेली, बायकोची सुटकेस पुसून तयार, आणि मास्तर साबण लावून रोज बेटावर. माझ्या कारखान्यात एवढ्या पुराव्यावर अख्खा ट्रक परत पाठवला असता. हा मला विमानात बसवून ताईकडे पाठवणार आणि बोट घेऊन निघून जाणार, एकटा किंवा जी कोणी असेल तिच्याबरोबर. मला रडू आलं नाही, संताप आला. बोट गेली तर माझ्याकडे काय उरणार होतं? घर विकलेलं. ताईच्या हॉलमधला सोफा, आणि तिच्या सुनेच्या कपाळावरच्या आठ्या.

मी ठरवलं, आपणच आधी निघायचं. फार लांब नाही. खाडीच्या बाहेर, त्या पलीकडच्या टेकडीमागे. दुपारी मास्तर धक्क्यावर येईल आणि बघेल की बोट नाही. धक्क्यावर सोडून दिलेलं माणूस कसं दिसतं, ते त्याला एकदा कळू दे.

इंजिन सुरू केलं. एकटीने बोट मी कधीच हलवली नव्हती. सुकाणूपाशी उभी राहिले आणि नांगराच्या बटणासाठी चाचपडले. बटण हाताखालीच होतं. दाबलं, साखळी खडखडत वर आली. दाढीवाला आपल्या बोटीवरून आ वासून बघत होता. मी त्याला हात केला, जणू रोजचंच आहे.

खाडीच्या तोंडाशी पातं लावलं आणि शिडाचा दोर ओढायला घेतला. पाच दोर शेजारी शेजारी बांधलेले. चष्मा नेहमीप्रमाणे खाली राहिलेला, आणि चष्म्याशिवाय मला सगळे दोर सारखेच दिसतात. पण हाताला गाठी लागल्या. प्रत्येक दोराच्या टोकाला सुतळीच्या बारीक गाठी मारलेल्या: एकाला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. मोठं शीड, छोटं शीड, शीड आखडायचा दोर, त्याच क्रमाने, ज्या क्रमाने ते लागतात. न बघता ओळखता यावेत म्हणून.

मास्तरची नजर गरुडाची आहे. त्याला गाठी कशाला हव्यात?

दोर ओढायची चरखी फिरवताना मला आणखी एक गोष्ट कळली, आणि कळल्यावर मी फिरवायची थांबले. चरखी डावीकडे होती. मी डावखुरी आहे, मास्तर नाही. आणि ती माझ्या कोपराच्या उंचीवर होती. मास्तर माझ्यापेक्षा एक हात उंच. त्याला ती फिरवायला वाकावं लागलं असतं. मी आजूबाजूला बघितलं. बटण, कड्या, पाय टेकवायची फळी, सगळं माझ्या मापाने. बत्तीस वर्षं ज्या माणसाने माझ्यासाठी ओटे आणि फडताळं बनवली, त्याने मला न विचारता, न मोजता, अख्खी बोट माझ्या हाताला बसवली होती.

म्हणजे एका माणसाची बोट खरीच होती. फक्त ते माणूस मी होते.

मी लगेच परत फिरायला हवं होतं. आता मी खरं सांगते, कारण इतका वेळ खरंच सांगितलंय. मी फिरले नाही. शीड वर गेलं, वारा भरला, मी इंजिन बंद केलं आणि बोट एका अंगावर कलून पळू लागली. टेकडी आली आणि मागे गेली. मी मोठ्याने हसत होते. मध्येच गाणं म्हटलं, अर्धवट, शब्द आठवत नव्हते. दीड तास मी समुद्रात होते आणि त्या दीड तासात मास्तर मला एकदाही आठवला नाही.

परत आले तेव्हा तो धक्क्याच्या पायरीवर बसला होता. अंगावर लाकडाचा भुसा, हात अजून धुतलेले नव्हते. मी नांगर टाकला, बोट मागे घेऊन तो पक्का रुतल्याची खात्री केली. मास्तर होडी घेऊन आला, वर चढला आणि समोरच्या बाकावर बसला.

"शीड जरा उशिरा उतरवलंस," तो म्हणाला. "बाकी छान."

"कोण आहे ती?" मी विचारलं. मला माहीत होतं की कुणी नाही, पण अठरा दिवस घोकलेला प्रश्न तोंडातून निघालाच.

"कोण कोण?"

"बेटावरची."

त्याने स्वतःच्या भुशाने माखलेल्या शर्टाकडे बघितलं. "होड्या दुरुस्त करायचं वर्कशॉप आहे. फळ्या तासतो. लाकडावर काय ते औषध मारतात, त्याचा वास जात नाही, म्हणून साबण." मग त्याने धक्क्याकडे मान वळवली. "वर खोली आहे. त्यांनी मला कायमचा ये म्हटलंय."

"आणि माझी सुटकेस?"

"माझ्या बॅगेची चेन तुटलीय. तुझी मागणार होतो. आज मागू, उद्या मागू करत राहिलो."

मी सुटलेला दोर गुंडाळायला घेतला.

"मला उतरायचंय गं," मास्तर म्हणाला. "मला भीती वाटते. वादळात नाही, वादळात सगळ्यांनाच वाटते. रोज वाटते. जमीन दिसेनाशी झाली की सुरू होते, परत जमीन दिसेपर्यंत जात नाही. सहा वर्षं झाली. वाटलं होतं, सवय होईल."

"सहा वर्षं बोलला नाहीस?"

"तू इतकी खूश होतीस."

माझ्यासारख्या तपासणाऱ्या बाईला हे दिसलं नाही. जमीन दिसली की तो डेकवर येऊन उभा राहायचा, कठडा घट्ट धरून. मला वाटायचं, देखावा बघतोय.

मी म्हटलं, चल, खोली दाखव. आम्ही होडीतून गेलो. वर्कशॉपच्या मागून लाकडी जिना, वर एक खोली. खिडकीतून धक्का दिसत होता. भिंतीला त्याने आधीच एक फळी ठोकली होती, तिच्यावर त्याच्या पटाशा ओळीने लावलेल्या. कोपऱ्यात स्टोव्ह, एक पातेलं. आणि एक खाट. अरुंद, एका माणसाची, तासून गुळगुळीत केलेली.

आता मात्र मी भडकले. "एकच खाट? बत्तीस वर्षांचा संसार, आणि तू एक खाट बनवलीस? मला विचारायचं तरी! माझ्या वतीने तूच ठरवून मोकळा? मी तुझ्यासाठी बोट सोडणार नाही, असं तुला कुणी सांगितलं?"

मास्तरने खाटेच्या कडेवरून अंगठा फिरवला. कुसळ लागतंय का ते तो असंच बघतो.

"कुणी नाही," तो म्हणाला. "मला नुसतं वाटलं. चुकलं असेल तर सांग. लाकूड पडलंय खाली, दुसरी खाट दोन दिवसांत होईल. सोडशील?"

त्याच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. त्याला खरंच हवं होतं की मी हो म्हणावं. हे मला इतकं स्वच्छ दिसत होतं की मला बघवेना. मी तोंड उघडलं. खिडकीतून आमची बोट दिसत होती, वाऱ्याकडे तोंड करून उभी. सकाळचा वारा अजून माझ्या केसांत होता.

बत्तीस वर्षांत मी या माणसावर नाही नाही ते संशय घेतले आणि त्यातला एकही खरा निघाला नाही. त्याने माझ्यावर एकदाच घेतला. तो वाट बघत राहिला, आणि मला त्याचा संशय खोटा पाडता येईना.