सुई

मानेला मार बसल्यापासून शिंपीबुवांची बोटं कामातून गेली होती. आज दवाखान्यातल्या बाईंनी त्यांच्या हातावर स्नायूंचा ताण ओळखून मिटणारा-उघडणारा, मोटर बसवलेला हातमोजा चढवला. मोज्यानं चेंडू धरला, सोडला, बायको हरखली.

"चेंडू गेला खड्ड्यात, सुई द्या!" शिंपीबुवा म्हणाले.

सुई पुन्हा पुन्हा निसटली.

"काका, मोज्याला एवढं बारीक कळत नाही. बाटली धरा ना."

"बाटलीनं बटण लावू?" ते खेकसले.

बायकोनं वाकून सुई उचलली, दोरा ओवला आणि त्यांच्या अंगातल्या सदऱ्याचं लोंबणारं बटण लावायला घेतलं. आजवर त्यांच्या कपड्याला दुसऱ्या कुणाचा टाका पडला नव्हता.

"वाकडं लावतेस!" ते ओरडले.

एवढं मात्र मोज्याला चटकन कळलं. मूठ करकचून आवळली गेली.