मी कोरडं म्हणालो, तेव्हा माती ओली होती

मित्रांनो, मी जमिनीतली ओल मोजणारा एक जुना सेन्सर आहे. मला मान असती, तर ती खाली घालूनच मी ही गोष्ट सांगितली असती.

माझं अंग जेमतेम बोटाएवढं. टोकाला सच्छिद्र चिनी माती आणि आत बारीक तार. ती तार अर्धा मिनिट तापते. भोवती ओल असली की ऊब पसरून जाते. कोरडं असलं की मी चांगलाच तापतो. बांधावरची डेटालॉगरची पेटी ते टिपून ठेवते.

कंग्राळी गावातल्या गुणाबाईंच्या रताळ्यांच्या शेतात मला त्यांच्या मुलाने, सौरवने, चिखलात घट्ट लिंपून बसवलं. दोन वर्षं माझा आकडा चुकला नाही. शेजारी मला बघायला यायचे आणि मी फुशारून जायचो. महाशिवरात्रीला गावच्या देवळात उपवासाची रताळी शिजत, ती गुणाबाईंच्याच शेतातली.

यंदा भांगलताना खुरप्यात अडकून मी उपटलो. सौरवला कामावर जायची घाई होती. चिखल न लावताच त्याने मला भोकात खुपसलं. भोवती पोकळी राहिली, ऊब आतच कोंडली आणि पेटीत नोंद झाली, कोरडं!

गुणाबाईंनी मूठभर माती दाबून पाहिली. "सौरव, माती वली हाय रं. मुठीत गोळा हुतोय."

"आई, मशीन खोटं बोलतंय व्हय? सोड पाणी."

त्यांनी मुठीतली माती झटकली आणि पाणी सोडलं. पाणी सोडलं की पोकळी भरून ओलं दिसायचं, ती निथळली की दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरडं. असं चारदा झालं. मला ओरडता आलं नाही.

शिवरात्रीच्या आधी वेल उपसले, तर रताळी काळी पडून सडलेली. देवळात यंदा बाजारातली रताळी शिजली. सौरवने पेटीतल्या नोंदी उलगडल्या. दर वेळी पाणी दिल्याच्या दुसऱ्याच दिवशी कोरडं दिसलं, तेव्हा त्याला चिखल न लावल्याचं आठवलं आणि त्याचा चेहरा उतरला. "आई, चूक माझी हाय."

"माझीबी हाय रं," गुणाबाई म्हणाल्या. "हाताला कळत हुतं, तरी मी गप बसले."

ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घाई सौरवची होती, पण खोटा आकडा माझा होता.

माझ्या छिद्रांतली हवा निघावी म्हणून गुणाबाईंनी मला रात्रभर पाण्यात भिजवलं आणि सकाळी स्वतःच्या हाताने चिखलात लिंपलं. आता सौरव पेटी उघडण्याआधी विचारतो, "आई, तुझा हात काय म्हणतोय?"

मित्रांनो, आम्हाला नीट बसवा, अधूनमधून तपासा. आणि मी कितीही ठामपणे कोरडं म्हणालो, तरी एकदा वाकून मूठभर माती हातात घ्या.