शुक्रीचा आवाज आणि नवी डिस्क

“अहो, परत अडकला!” वासंतीबाई आतल्या खोलीतून ओरडल्या.

काशीनाथ सावे चिकूची टोपली ओटीवर ठेवून आत आले. पडद्यावरचा बाण जागीच गोठला होता. एकही बटण ऐकत नव्हतं. शेवटी त्यांनी पॉवर दाबून संगणक बंद केला. बाईंचं सकाळपासूनचं काम गेलं.

काशीनाथ रेल्वेत सिग्नलची देखभाल करून निवृत्त झालेले. विंडोजऐवजी चालणारं लिनक्स हा त्यांचा निवृत्तीनंतरचा नाद. जुनाट संगणक त्यांनी त्याच्यावरच चालता ठेवला होता. हार्ड डिस्क कुरकुरायला लागली, तेव्हा डहाणू रोडला प्रितेशच्या दुकानातून नवी एसएसडी डिस्क आणून त्यांनी सगळं तिच्यावर घेतलं. तेव्हापासून हा छळ सुरू झाला.

त्या डिस्कवर शुक्रीचा आवाज होता. वासंतीबाई झरीला शिक्षिका असताना शुक्रीच्या अंगणात बसून त्यांनी तो रेकॉर्ड केला होता. शुक्री ही धवलेरी, म्हणजे वारल्यांच्या लग्नात देवाची गाणी म्हणणारी. यंदा तिला अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. मागच्या आठवड्यात तिची मुलगी बुधी दारात येऊन उभी राहिली.

“बाई, पाड्यात लगीन हाय. आता मलाच म्हणायला सांगतात. अर्धी गाणी येतात, अर्धी नाय. आयशीला इचारलं तर ती नुसती बघते. तुमच्याकडं हाय ना तिचा आवाज?”

“आहे गं. काढून देते.”

म्हणून बाई तासन्‌तासांच्या गप्पांतून, कोंबड्यांच्या कलकलाटातून एकेक गाणं वेगळं करत होत्या, आणि संगणक मध्येच मान टाकत होता.

काशीनाथांनी केबल बदलली. रॅम काढून, पुसून परत बसवली. मग डिस्कच घेऊन प्रितेशकडे गेले. त्याने ती दिवसभर आपल्या विंडोजच्या मशीनला लावून पाहिली.

“काका, डिस्क एकदम बराबर छे,” तो म्हणाला. “तुमचं ते लिनक्स काढा. विंडोज टाकून देतो.”

“माझ्या मशीनला ते झेपत नाही रे.”

“मग मशीन बदला ना!”

काशीनाथ डिस्क खिशात घालून घरी आले. ती परत बसवून त्यांनी बाईंना समोर बसवलं.

“कायमचा बिघाड सापडतो,” ते म्हणाले. “येऊन-जाऊन असतो तो माणसाला रडवतो. मला सांग, अडकतो तेव्हा तू नेमकं काय करत असतेस?”

“काहीच नाही.”

“काहीच नाही म्हणजे?”

“म्हणजे खरंच काही नाही. गाणं चालू असताना कधी अडकला नाही बघा. एखादा शब्द कळला नाही की मी थांबते, शुक्रीने काय म्हटलं असेल ते आठवत बसते. मग हात लावावा, तर मेलेला.”

 इतके दिवस काशीनाथ डिस्कला कामाला लावून बिघाड शोधत होते, आणि तो होता तिच्या विश्रांतीत.

इंटरनेटवर त्यांच्यासारखाच गांजलेला एक जण भेटला. तीच डिस्क, तसाच जुना मदरबोर्ड. वीज वाचवायला डिस्क मधूनच झोपायची, आणि अशा मशीनवर लिनक्सला ती जागी करता यायची नाही. उपाय एका ओळीचा होता: संगणक सुरू होतानाच ही झोप बंद करायची. काशीनाथांनी ती ओळ एकेक अक्षर तपासून लिहिली.

“आता ऊठ. कोणी हात लावायचा नाही.”

दोघं चहा घेऊन वाडीत जाऊन बसली. बाईंनी बुधीच्या लहानपणीच्या खोड्या सांगितल्या, काशीनाथांचं अर्धं लक्ष घराकडे. परत आल्यावर बाईंनी भीत भीत माऊस हलवला. बाण सुळकन पळाला.

“अगंबाई!”

काशीनाथ लहान मुलासारखे हसले.

गाणी घेऊन दोघं स्कूटरवरून झरीला गेली. बुधीच्या मोबाइलमधून शुक्रीचा जुना, भक्कम आवाज अंगणभर झाला. खाटेवरची शुक्री दचकली, मग टक लावून ऐकू लागली. बुधी त्या आवाजामागून म्हणत राहिली, अडखळत, परत मागे जात.

थोड्या वेळाने शुक्रीने धड राहिलेला हात वर केला. बुधीने मोबाइल थांबवला.

“काय आयस, चुकलं?”

शुक्रीने नाही अशी मान हलवली. मोबाइल बाजूला ठेव, अशी खूण केली आणि बोट बुधीकडे केलं.

बुधीने पदर सारखा केला आणि एकटीनेच सुरुवात केली. आधी कापऱ्या आवाजात, मग मोकळ्या. शुक्रीचे ओठ आवाजाविना तिच्याबरोबर हलत होते. पुढे कधीतरी ते मिटले आणि शुक्री नुसती ऐकू लागली. बुधीचं लक्ष नव्हतं; ती म्हणतच होती.