क्लेटनच्या कोंबड्या आणि माझा तुटलेला पट्टा

मित्रांनो, माझ्या पोटात बोटे आहेत. हसू नका! मी विस्कॉन्सिनच्या टेकड्यांमधला एक जुना पत्र्याचा ड्रम आहे आणि मला आतून रबराची जाडजूड बोटे बसवलेली आहेत. गरम पाण्यात बुचकळलेली कोंबडी माझ्यात टाकली, की मी गरगर फिरतो आणि पाहता पाहता तिची पिसे उतरवतो. इतकी वर्षे झाली, तरी ही किमया आपल्याच हातून होते याचे मला नवल वाटते.

मला माझी मालकीण मर्ना हिच्या नवऱ्याने कपडे धुण्याच्या मोडक्या यंत्रातून घडवले. तो गेला, पण मर्नाने लोकांच्या कोंबड्या कापून साफ करून देण्याचे काम सोडले नाही. घरामागे थोड्याशाच कोंबड्या पाळणाऱ्यांना मांसाचे मोठे कारखाने दारात उभे करत नाहीत. ते सगळे पिकअपमध्ये खुराडी लादून मर्नाकडे येतात. प्रत्येक घराच्या कोंबड्यांच्या पायात वेगळ्या रंगाचे कडे असते, म्हणजे ज्याचे मांस त्यालाच परत मिळते. एरवी मर्नाच्या तोंडाला कुलूप नसते. पण सुरी उचलण्याआधी ती कोंबडीला छातीशी धरते आणि ती शांत होईपर्यंत अवाक्षर काढत नाही.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी क्लेटन आला. हा निवृत्त पोस्टमन, कोंबड्या पहिल्यांदाच पाळलेल्या. दुसऱ्या दिवशी त्याच्या लेकीचे लग्न होते आणि जेवणात आपल्याच कोंबड्या असतील, असे त्याने गावभर सांगून ठेवले होते. मर्नाने एका कोंबडीचा गळा चाचपला आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"क्लेटन, या तर पोटभर जेवून आल्यात! आदल्या संध्याकाळपासून नुसतं पाणी द्यायचं, हे तुला बजावलं होतं ना? कापताना गळ्यातली दाण्याची पिशवी फुटली तर सगळं मांस वाया."

"अगं, शेवटची रात्र होती त्यांची," क्लेटन मान खाली घालून म्हणाला. "मला नाही बघवलं. मका टाकला थोडा."

"थोडा? लग्न यांचंच आहे की काय!"

रांगेतले सगळे खो खो हसले. क्लेटन मात्र रडकुंडीला आला. "परत नको पाठवू गं. लेकीला काय तोंड दाखवू?"

तेव्हा बदके घेऊन आलेले म्हातारे लाइल पुढे झाले. "मर्ना, याचा नंबर शेवटी ठेव. तोवर पोटं रिकामी होतील. आम्ही सरकतो पुढं."

तसेच झाले. दिवसभर मी सगळ्यांच्या कोंबड्या आणि बदके साफ केली. उन्हे कलली, तेव्हा मर्नाने पुन्हा गळे चाचपले आणि मान डोलावली. क्लेटनच्या पहिल्या कोंबड्या माझ्यात आल्या. मी जोर लावला आणि फटकन आवाज झाला. मला फिरवणारा पट्टा तुटला. नवा पट्टा शहरातून आणावा लागणार होता आणि दुकाने बंद झाली होती. मित्रांनो, त्या क्षणी मला इतकी लाज वाटली, की आपण वितळून जावे असे वाटले.

क्लेटन मटकन खाली बसला. मग लाइलनी आपली बदके पिकअपमध्ये बर्फावर ठेवली, एक बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसकण मारली.

"आण इकडं ती कोंबडी. या यंत्राच्या आधी पिसं काय वाऱ्यानं उडायची?"

घरी निघालेले एकेक जण गाडीतून उतरले. बादल्या पालथ्या पडल्या. वाफाळत्या पाण्यातून मर्ना कोंबड्या काढत होती आणि ते सगळे भराभर पिसे उपटत होते. बोटे भाजली की एकमेकांना शिव्या देत होते आणि क्लेटनला चिडवत होते.

"पुढच्या वेळी यांना केकपण खाऊ घाल रे!"

माझ्या रबरी बोटांना जे जमते, ते ही माणसे न थकता, काही न मागता करत होती. मी नुसता पाहत राहिलो. एवढे मोठे काम मी आयुष्यात केलेले नाही.

शेवटची कोंबडी हिरव्या कड्यानिशी क्लेटनच्या हाती आली. तो एकेकाचे ओले हात आपल्या हातांत घेत गेला.

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्रांना वेळेवर तेलपाणी करा, आमचे पट्टे तपासत जा. पण आम्ही कधी ना कधी बंद पडणारच. त्या दिवशी शेजाऱ्याचे काम अडले असेल, तर गाडी सुरू करू नका. खाली उतरा.