रिकामी बशी

मित्रांनो, मी एक जुनी बशी आहे. चिनी मातीची, कडेला निळी रेघ असलेली. भट्टीतून बाहेर पडले तेव्हा माझ्यासोबत माझा कपही होता. आमची जोडी एका हॉटेलच्या भोजनगृहात आली. पाहुणे आम्हाला उचलून बघत, कौतुक करत. पुढे कप फुटला. कपाविना बशीला कोण विचारतं? माझी रवानगी वरच्या मजल्यावर, पलंगाशेजारच्या टेबलावर झाली.

तिथे मला नवं काम मिळालं. त्या हॉटेलची रीतच होती, की पाहुणे माझ्यात जे पैसे ठेवतील ते खोली आवरणाऱ्या ताईंचे. माझ्याबाहेर साधं नाणं सापडलं, तरी ताई ते खाली काउंटरवर नेऊन देत.

एकदा परदेश बघायला आलेले एक काका-काकू आमच्या खोलीत उतरले. ही रीत काउंटरवर काकांनी ऐकली. काकू तेव्हा बॅगा सांभाळत होत्या, आणि त्यांना सांगायचं काका साफ विसरले. ते रोज सकाळी माझ्यात नोट ठेवून खाली जायचे. मागे राहिलेल्या काकू, ह्यांचं लक्ष कुठे असतं कोण जाणे, असं पुटपुटत ती पर्समध्ये टाकायच्या. मी पुन्हा रिकामी.

ताई यायच्या, मला रिकामी बघायच्या, पुसून जागेवर ठेवायच्या. चादर मात्र तेवढ्याच निगुतीने घालायच्या. दोघेही त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. काकांना वाटायचं, पैसे देतोय ना, मग झालं. काकूंना परक्या भाषेची धास्ती. जिन्यात ताई समोर आल्या, की दोघं खाली बघून निघून जायचे.

निघायच्या दिवशी काकांचा पारा चढला. ही बाई रोज पैसे घेते आणि साधं हसतही नाही, मॅनेजरच्या कानावर घालतोच, असं म्हणत ते दाराकडे वळले. पाहुण्याने पैशांवरून तक्रार केली, की ताईंची नोकरी गेलीच म्हणायची.

"कुठले पैसे?" काकूंनी विचारलं.

"बशीतले. रोज ठेवतो ना मी."

काकूंनी पर्स उघडली. "अहो, ते सगळे माझ्याकडे आहेत. मला वाटलं, तुम्ही विसरून जाता."

काका दारातून मागे फिरले. म्हणाले, "आता सगळे एकदम ठेव बशीत."

"नको. हातात देऊ," काकू म्हणाल्या.

काका काउंटरवर गेले खरे, पण आभार मानायचा तिथला शब्द विचारायला. तो घोकतच वर आले. ताई दाराबाहेर चादरींच्या घड्या घालत होत्या. काकूंनी पैसे त्यांच्या हातात ठेवले आणि दोघांनी तो शब्द इतका वेडावाकडा उच्चारला, की ताईंना हसू आवरेना. त्यांनी तो नीट म्हणून दाखवला आणि दोघांकडून पुन्हा म्हणवून घेतला. एवढ्या दिवसांत मी ताईंचा आवाज पहिल्यांदाच ऐकत होते.

मित्रांनो, परमुलखात गेलात तर बशीत पैसे जरूर ठेवा. पण तुमची खोली आवरणारं माणूस समोर आलं, तर खाली बघून जाऊ नका. त्या दिवशीही मी रिकामीच होते. पण रिकामं असण्याचं मला वाईट वाटलं नाही, असा तो एकच दिवस.