हवालदाराचा रिपोर्ट

साळूकाकींचे यजमान फौजेतून नाईक म्हणून परतले. हवालदार व्हायचं राहून गेलं, ते त्यांच्या मनाला लागलं होतं. म्हणून दारात सापडलेल्या मांजराच्या पिवळ्या पिल्लाचं नावच त्यांनी हवालदार ठेवलं. पुढे काका वारले, लेक छबू लग्न होऊन आष्ट्याला गेली, मुलगा जयराज बापासारखाच पलटणीत गेला आणि त्याची बायकामुलं शाळेसाठी साताऱ्यात राहिली. कुंडलच्या घरात काकींच्या सोबतीला उरला तो हवालदार. आता तो पंधरा वर्षांचा म्हातारा बोका आहे, उंदीर नाकासमोरून गेला तरी मान वळवत नाही. काकी त्याला दुधात चपाती कुस्करून घालतात आणि दिवसभर त्याच्याशी बोलतात. त्यांच्याशी रोज बोलणारे आम्ही दोघंच, तो आणि शेजारीण म्हणून मी.

दिवाळीनंतर हवालदाराच्या जबड्याखाली गाठ आली. काकी दर रविवारी जयराजला फोनवर सांगायच्या, "गाठ वाढली रं." तिकडून जयराज "हं, हं" करायचा. आई बोलत असताना असा हुंकार भरत दुसरंच काही करायची कला आपल्याकडच्या मुलांना कुणी शिकवावी लागत नाही.

हवालदाराचं खाणं सुटलं, तेव्हा मी दोघांना घेऊन एसटीनं सांगलीला गेले. आमच्या गावातल्या डॉक्टरचा हात गाईम्हशींवर बसलेला, बोक्याला तो हातही लावेना. सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी गाठीत सुई घातली, तपासायला पाणी काढलं आणि म्हणाल्या, "कॅन्सर असू शकतो. रिपोर्ट आला की फोन करते." येताना सगळी वाट काकी बोक्याच्या पिशवीत हात घालून बसल्या होत्या. घरी येताच त्यांनी जयराजला फोन लावला.

"सांगलीला जाऊन आलो रं. डाक्टरीण म्हंती, कॅन्सर असंल. रिपोर्ट यायचाय."

त्या दिवशी पहिल्यांदाच तिकडून "हं" आलं नाही.

दोन दिवसांत छबू आली. तिच्या मागोमाग पाटणहून काकींचे धाकटे भाऊ गुंडामामा पोतंभर शहाळी घेऊन आले. मग नात्यातले, भावकीतले, ज्यांना काकींचं घर कुठल्या बोळात हेही विचारावं लागलं, असेही आले. काकी हरखून गेल्या. मला म्हणाल्या, "बघितलंस? हवालदारासाठी पाटणास्नं माणूस आलं. लय जीव हाय समद्यांचा."

मला ते काही पटेना. कारण गुंडामामांनी आल्या आल्या हवालदाराला खुर्चीवरून हाकललं होतं. एवढ्यात छबूनं मला स्वयंपाकघरात ओढलं आणि डोळ्याला पदर लावून कुजबुजली, "आईम्होरं गाठीचं नाव काढू नगंस. पेशंटला कळलं की पेशंट हाय खातो."

"अगं छबू, ती गाठ..."

तिनं माझ्या तोंडावर हातच ठेवला. "हळू! आई ऐकंल."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतक्या रविवारचं "गाठ, गाठ" पोराच्या कानावरून गेलं होतं आणि त्यातला एकच शब्द आत शिरला होता. बाकीचं आपल्या रीतीनं भागवलं. मोठं दुखणं असलं की ते सगळ्या गावाला सांगायचं, फक्त दुखणाईताला नाही. मग खरं काय ते विचारणार कोण? मी छबूचा हात बाजूला करून सांगू शकले असते. पण मला राग आला होता. काका गेल्यापासून ही बाई एका भाऊबिजेला आली नव्हती. म्हटलं, राबू दे जरा.

आणि राबली हो! काकींना घागर उचलू देईना. गुंडामामा रोज शहाळं फोडून देत आणि हवापाण्यावर मोठमोठ्यानं बोलत. शेवटी जयराज आला, साताऱ्याहून कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन. तो पुडा कुणी सोडला नाही, ती वेळ नव्हती. हवालदार त्याच्या पायाशी घोटाळला, तर त्यानं खाली पाहिलंसुद्धा नाही. आईचे पाय मांडीवर घेतले आणि चेपता चेपता हुंदके द्यायला लागला. काकी त्याच्याकडे बघत राहिल्या.

संध्याकाळी त्यांनी मला नळावर गाठलं. "संयोगिता, आगं ह्यास्नी वाटतंय मलाच झालंय."

"सांगू का मी?"

त्या बराच वेळ कळशी विसळत राहिल्या. "नगं. रिपोर्ट येऊ दे. तवर ऱ्हाऊ देत. हवालदाराला बी बरं वाटतंय घर भरलेलं. आज वाटीभर दूध प्याला बघ."

रिपोर्टचा फोन आला तेव्हा सगळे सोप्यातच होते. जयराजनं झडप घालून फोन घेतला आणि स्पीकरवर टाकला. डॉक्टरीणबाई हळुवारपणे म्हणाल्या, "काकी, वाईट वाटतं सांगायला. तुमच्या बोक्याला कॅन्सरच आहे. या वयात ऑपरेशन त्याला झेपणार नाही. वेदना होऊ नयेत म्हणून औषध देऊ."

मग गुंडामामांनी विचारलं, "म्हंजी... मांजराला व्हय?"

आणि जो हशा पिकला! छबू हसता हसता रडली. जयराजनं आईला मिठी मारली. पेढ्यांचा पुडा फुटला, सगळ्यांची तोंडं गोड झाली, शेजारीपाजारीही पेढे वाटले. जयराजनं एक पेढा आईच्या तोंडात घातला. काकींनी तो गालात तसाच धरून ठेवला, त्यांना गिळवेना. तिकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत घर रिकामं झालं. आष्ट्याला छबूच्या म्हशी खोळंबल्या होत्या. जयराजची सुट्टी शिल्लक होती, ती साताऱ्याला निघून गेली.

मी गेले तेव्हा काकी उंबऱ्याशी बसून राहिलेल्या शहाळ्यातली मलई बोटानं हवालदाराला चाटवत होत्या. मी म्हटलं, "काकी, सांगलीहून औषध आणायला कधी जायचं? डॉक्टरीणबाई म्हणाल्या ना, आता ऑपरेशन..."

काकींनी ओठांवर बोट ठेवलं. मांडीवरच्या बोक्याला हलकेच खाली ठेवून त्यांनी मला हाताला धरून बाहेर नळापाशी नेलं.

"त्याच्याम्होरं नगं बोलूस," त्या कुजबुजल्या. "हाय खाईल."

मग डोळे पुसून त्या आत गेल्या आणि मोठ्यानं, अगदी गुंडामामांसारख्या, म्हणाल्या, "काय न्हाई झालं रं तुला. दिवाळीला समदी परत येणार हाईत." मला तिथंच रडू फुटलं, पण आत ऐकू जाईल म्हणून मी पदर तोंडात कोंबला.